गतकालाच्या पुण्यात आपण कोठे उतरू?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. गुणी विद्यार्थ्यांची पारितोषिके वाटून झाली आहेत, पंगतीस अद्याप थोडा अवकाश आहे, आणि या दोहोंमधला वेळ वक्त्याच्या पदरी पडावा हा आपल्या संमेलनांचा जुना परिपाठ आहे. त्या परिपाठाचा मान राखून आम्ही आपला फार वेळ घेणार नाही.

विषय मात्र आमचा नव्हे. तो मंडळाच्या तरुण सभासदांनी सुचविला आहे. त्यांनी आम्हांस असे विचारले, की काळाच्या गाडीत बसून मागे जाता आले, तर आपल्या पुण्याच्या इतिहासातील कोणत्या प्रसंगी उतरणे आपणांस आवडेल? प्रश्न वरकरणी करमणुकीचा दिसतो. परंतु त्याचा विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या प्रश्नाच्या उत्तरावरून गावापेक्षा उत्तर देणाऱ्याचीच परीक्षा अधिक होते. म्हणून तोच विषय आज आपणांपुढे मांडीत आहोत.

काळाच्या गाडीची कल्पना नव्या पिढीस पाश्चात्यांची वाटते. एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकाराने १८९५ साली 'द टाइम मशीन' ही कादंबरी लिहिली, तेव्हापासून ती जगभर लोकप्रिय झाली हे खरे. तथापि आपल्या भागवतपुराणात रैवत ककुद्मी राजाची कथा आहे, ती वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असेलच. आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर शोधावा म्हणून हा राजा थेट ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालले होते म्हणून क्षणभर थांबला. गायन संपल्यावर त्याने ब्रह्मदेवास आपली यादी दाखविली, तेव्हा ब्रह्मदेव हसून म्हणाले की राजा, तू थांबलास तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली. तुझ्या यादीतले वर तर नाहीतच, त्यांची नातवंडे-पतवंडेही उरली नाहीत. राजा परत आला तो एका अनोळखी जगात. पुढे रेवतीचे लग्न बलरामाशी झाले, हा भाग निराळा.

रैवताची गाडी पुढे गेली. आपणांस मागे जावयाचे आहे. परंतु त्याच्या कथेतील एक गोष्ट आपणांसही लागू आहे. परक्या काळात पाऊल ठेवणाऱ्याचा मानमरातब त्याच्याबरोबर जात नाही. म्हणून प्रवासास निघण्यापूर्वी आपण दोन नियम ठरवून घेऊ. पहिला नियम असा, की आपण पाहू, परंतु घडलेले बदलणार नाही. पानिपताच्या आधी भाऊसाहेबांच्या कानात काही सांगून येण्याची मुभा कोणासही नाही. दुसरा नियम अधिक कठीण आहे. तो असा, की त्या काळात आपण आपल्याच जागी उतरू. पालखीत नव्हे, अंबारीत नव्हे. आपले खापरपणजोबा जेथे उभे असतील तेथे, त्यांच्याच पागोट्यात आणि त्यांच्याच जोड्यांत. गतकालाची स्वप्ने रंगविणारा जो तो स्वतःस दरबारातल्या गादीजवळ बसलेला पाहतो. सगळेच जर गादीजवळ बसले, तर पेठांतून वस्ती कोणाची होती?

आता प्रवासास निघू.

पहिला मुक्काम सतराव्या शतकातल्या तिसाव्या सालाच्या सुमारास. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून लुटले, गाढवाचा नांगर फिरविला, आणि पहार ठोकून तीवर फाटके पायतण टांगले, म्हणजे येथे पुन्हा वस्ती होऊ नये अशी ती खूण. त्याच काळात, १६३० ते १६३२ या सालांत, दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. माणसे देशोधडीस लागली. या मुक्कामी उतरलो तर पाहण्यासारखे काहीच नाही. जळक्या भिंती, ओसाड कसबा, आणि नदीकाठी वाढलेले रान. परंतु पुढे थोड्याच वर्षांत जिजाबाई आणि बाल शिवाजी येथे राहावयास आले, लालमहाल उभा राहिला, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे त्याच भूमीत सोन्याचा नांगर फिरला.

सोन्याच्या नांगराचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु आमच्या मनात नेहमी दुसराच विचार येतो. नांगराचा फाळ सोन्याचा असो वा लोखंडाचा, तो फिरल्यावर त्या अपशकुनी मानलेल्या जागेत पहिले घर बांधावयास कोण आले असेल? ज्याने पहिली चूल पेटविली, पहिला चाक फिरविला, पहिली भट्टी लावली, त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. जिजाबाईंनी धीर दिला ही त्यांची थोरवी. परंतु त्या धीरावर विश्वास ठेवून बायकामुलांसह जे आले, त्यांच्यामुळे गाव वसले. दुसऱ्या नियमाप्रमाणे आपण उतरणार ते त्यांच्यात.

याच कसब्यात आणखी एका रात्री उतरण्याचा मोह कोणास होणार नाही? ५ एप्रिल १६६३ ची ती रात्र. रमजानचा महिना होता. लालमहालात शाहिस्तेखान मुक्काम करून होता आणि महाराज निवडक माणसांनिशी आत शिरले. खानाची बोटे तुटली, मोगली छावणीत हाहाकार उडाला. तरुण मंडळी येथे उतरावयास एका पायावर तयार होतील. परंतु आपला दुसरा नियम विसरू नका. त्या रात्री आपण बहुधा कसब्यातल्या एखाद्या घरात दाराला अडसर घालून, श्वास रोखून, बाहेरचा गलबला ऐकत बसलेले असू. पराक्रम कोणाचा झाला हे आपणांस उजाडल्यावर कळले असते.

आता गाडी सुमारे सत्तर वर्षे पुढे आणू. इ. स. १७३२ साली शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि पुणे हे मराठी राज्याचे मध्यवर्ती ठिकाण झाले. येथे उतरावयाचे तर बहुतेकांस दरबार पाहावयाचा असतो. आम्ही मात्र आपणांस तेथे न नेता कात्रजच्या वाटेने नेऊ इच्छितो. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजेस तळी बांधवून तेथून सुमारे ८ किलोमीटर अंतरावरून चुनेगच्ची नळाने शहरात पाणी आणविले. जमिनीखालून बांधीव पाट, ठिकठिकाणी त्याचे उच्छ्वास, पाण्याबरोबर आलेला गाळ खाली बसावा अशी योजना, आणि सर्व काम केवळ जमिनीच्या उतारावर. पाणी उचलण्यास कसलेही यंत्र नाही. हे पाणी वाड्यात गेले तसेच पेठांतल्या हौदांतही आले. लढाया अनेकांनी जिंकल्या, परंतु लोकांच्या घागरीत पाणी पडावे म्हणून डोंगरापासून पाट आणणारे राज्यकर्ते थोडे. राज्य गेले, वाडा जळला, तरी तो पाट वाहतच राहिला.

परंतु हौदाशी उतरलो म्हणजे एक प्रश्न आपली वाट अडवितो. या हौदावर घागर बुडविण्याचा अधिकार कोणास होता आणि कोणास नव्हता? पाणी सर्वांच्या पायांखालून वाहत होते, पण सर्वांच्या घागरीत पडत नव्हते. ज्यांना हौदास शिवता येत नव्हते ते दूर उभे राहून, कोणी वरून ओतील या आशेने वाट पाहत. आपली ज्ञाती सिंहासनावर बसलेली नव्हती हे खरे; तशीच ती हौदापासून हाकललेलीही नव्हती. मग त्या दिवशी आपण घागर भरून सरळ घरी जातो, की मागे वळून पाहतो? उत्तर आज देण्याची घाई नको. प्रश्न मात्र बरोबर घेऊन पुढे चला, कारण तो पुढच्या मुक्कामी पुन्हा भेटणार आहे.

मधली काही स्थानके दुःखाची आहेत, परंतु ती गाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेब पर्वतीवर वारले. उत्तरेकडून येणारी एकेक बातमी एकेका घरात आकांत माजवीत होती. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुण्यात शिरून जाळपोळ केली, तेव्हा लोकांनी आसपासच्या किल्ल्यांचा आसरा घेतला. पुढे २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसराजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव शहर सोडून निघून गेले आणि ३१ डिसेंबरास वसईस त्यांनी इंग्रजांशी तह केला. इकडे ज्यांना शहर सोडून जाता येत नव्हते त्यांनी खंडण्या भरल्या, आणि लगेच पुढच्या सालांत आलेला दुष्काळही त्यांनीच सोसला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. ती पेशव्यांनी पर्वतीवरून पाहिली. त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८२८ साली वाड्यास आग लागली आणि कित्येक दिवस तो जळत राहिला.

या सर्व स्थानकांवर एक गोष्ट सारखीच दिसते. ज्यांच्या नावाने इतिहासाची पाने भरली ते येत-जात राहिले. ज्यांची नावे कोठेही नाहीत ते मात्र राहिले. तांबट आळीतली ठोक्यांची लय दोन-चार दिवस थांबली असेल, कुंभारवाड्यातला आवा विझला असेल, बुरूड आळीतल्या कामट्या जागच्या जागी पडल्या असतील. परंतु पुन्हा त्याच ठिकाणी कामे सुरू झाली. गावाचा प्राण राजवाड्यात असतो तर १८२८ साली पुणे संपले असते.

आता १८४८ साली उतरू. ठिकाण बुधवार पेठ, भिडे यांचा वाडा. जोतीराव फुले यांनी येथे मुलींची शाळा काढली. शिकवावयास त्यांची पत्नी सावित्रीबाई. त्या शाळेस निघाल्या म्हणजे रस्त्यातून लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकीत, आणि म्हणून त्या बरोबर एक जास्तीचे लुगडे नेत, असे त्यांच्या काळच्या आठवणी सांगतात. याही मुक्कामी उतरावयाचे म्हटले की प्रत्येकजण मनातल्या मनात त्या शाळेच्या पायरीवर जाऊन उभा राहतो. आज तसे करणे सोपे आहे. त्यांचे नाव आज विद्यापीठास आहे.

परंतु दुसरा नियम आपणांस पायरीवर उतरू देत नाही. तो रस्त्यावर उतरवितो. त्या रस्त्यावर तीन प्रकारची माणसे होती. शाळेकडे जाणारी अगदी थोडी. शेण उचलणारी त्याहून काही अधिक. आणि उरलेली सर्व, दुकानाच्या फळीवर बसून, ओसरीवरून वा माडीच्या खिडकीतून हे पाहणारी. ती दगड मारीत नव्हती, आणि मारणाऱ्याचा हातही धरीत नव्हती. आपापल्या घरच्या मुली शाळेत घालावयाच्या की नाही याचा निर्णय त्यांनी 'चार लोक काय म्हणतील' यावर ठेवला होता. बंधुभगिनींनो, हे 'चार लोक' कोण? प्रत्येक ज्ञातीत ते असतात, आणि प्रत्येकास वाटते की ते दुसरे कोणीतरी आहेत.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की त्या शाळेस जागा देणारे तात्याराव भिडे हेही याच शहरातले गृहस्थ होते. म्हणजे त्या काळचा रिवाज तसा होता, कोणासच दुसरे काही सुचणे शक्य नव्हते, ही सबब पुरी पडत नाही. त्याच रस्त्यावर, त्याच रिवाजात वाढलेल्या एका माणसाने आपले दार उघडले. दुसरी गोष्ट ही, की अवघ्या चार वर्षांनी, १८५२ साली, विश्रामबागवाड्यात त्याच जोतीरावांचा शालजोडी देऊन सरकारी सत्कार झाला. त्या समारंभास जमलेल्या गर्दीत चार वर्षांपूर्वी खिडकीत उभे असलेले किती असतील, याची मोजदाद कोणी केली नाही. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. कात्रजच्या हौदाशी आपण जो प्रश्न उचलला, त्याचे उत्तर एका पुणेकराने आपल्या अंगणात दिले ते असे. ते अंगण आजही महात्मा फुले पेठेत आहे, आणि आपणांपैकी कित्येकांच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भिडेवाडा मात्र पडका होऊन २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी उतरविण्यात आला.

पुढचा मुक्काम १८९७. प्लेगाचे वर्ष. मुंबईत आदल्या वर्षी सुरू झालेला रोग पुण्यात शिरला आणि रँड या अधिकाऱ्याच्या हाती बंदोबस्ताची सूत्रे आली. गोरे सोजीर घरांत, स्वयंपाकघरांत, देवघरांत शिरत. सामान बाहेर काढून जाळीत. रोगी आणि त्याच्या घरची माणसे निरनिराळ्या छावण्यांत नेली जात. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडण्यात आली आणि पुढे दामोदर चाफेकर फाशी गेले. हा इतिहास आपणांस शाळेतच शिकविला गेला आहे.

त्याच वर्षी त्याच शहरात घडलेली दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही. सावित्रीबाई तेव्हा वृद्ध झाल्या होत्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांच्यासह त्यांनी शहराबाहेर प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घेऊन आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या शहरात एके काळी त्यांच्या अंगावर चिखल पडला, त्याच शहराच्या रोग्यांची शुश्रूषा करीत त्या गेल्या. ज्यांच्या घरी आजाऱ्याजवळ जावयास सख्खा भाऊ धजत नव्हता, अशा दिवसांतली ही गोष्ट आहे. आपल्या पूर्वजांनी त्या साली माळावर झोपड्या घालून दिवस काढले असतील. त्या झोपडीत कोणी कोणास भाकरी दिली, कोणी कोणाची मुले वाढविली, हे जाणण्याची आम्हांस फार इच्छा आहे. परंतु ते कोठेही लिहिलेले नाही.

आणि आता शेवटचे स्थानक. येथे उतरावयास गाडीची गरज नाही, कारण तेथे प्रत्यक्ष असलेली माणसे आज या मंडपात बसली आहेत. बुधवार, १२ जुलै १९६१. पानशेतचे मातीचे धरण अद्याप पुरे व्हावयाचे होते. आंबी नदीचे पाणी चढत होते आणि जवान रात्रभर वाळूची पोती रचीत होते. सकाळी धरण फुटले. ते पाणी खडकवासल्याच्या जुन्या धरणावर येऊन आदळले आणि तेही फुटले. मुठेने नदीचे पात्र सोडले. लाकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार अशा नदीकाठच्या पेठांतून माळवदांपर्यंत पाणी चढले आणि मातीच्या भिंतींचे वाडे बसत गेले. जवानांनी धरण काही तास तोलून धरले म्हणून पाणी रात्री न येता दिवसा आले आणि हजारो लोक पळू शकले, असे जाणते लोक सांगतात. लोकांनी पर्वती गाठली. पाणी ओसरले तेव्हा घराघरात गुडघाभर चिखल होता. शहराला पाणी पुरविणारे खडकवासलेच फुटल्यामुळे महापुराच्या दुसऱ्या दिवशी लोक पिण्याच्या पाण्यासाठी जुन्या विहिरी आणि आड धुंडीत होते. ज्या आडांवर आपण फळ्या टाकल्या होत्या, त्यांनीच त्या आठवड्यात तहान भागविली.

त्या पुरानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या एका भिंतीला भिंत लावून राहिलेली कुटुंबे पांगली. पुराच्या चौकशीचे अहवाल सरकारदप्तरी आहेत. धरण का फुटले, कोणाचे काय चुकले हे त्यांत सापडेल. परंतु पहिल्या रात्री कोणाच्या माडीवर किती जण निजले, कोणत्या माउलीने अनोळखी लेकरांना पोटाशी घेतले, शिवाशिव पाळणाऱ्या कोणत्या घराने त्या रात्री जात न विचारता पिठले-भात वाढला, आणि कोणत्या घराने त्याही रात्री दार लावून घेतले, हे कोणत्याही अहवालात नाही. ते फक्त त्या दिवशी आठ-दहा वर्षांच्या असलेल्या मुलांच्या स्मरणात आहे. ती मुले आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत.

मंडळी, आमच्या बोलण्याचा गाभा येथे आहे. आपण आतापर्यंत जितक्या मुक्कामी उतरलो, तितक्या ठिकाणी आपणांस राजांची, सरदारांची, अधिकाऱ्यांची हकीगत सापडली. आपल्यासारख्यांची सापडली नाही. ती घडली नव्हती असे नाही. ती कोणी लिहून ठेविली नाही. पेशवे दप्तर पुण्यातच आहे. रुमालांत बांधलेले ते मोडी कागद अगणित आहेत, आणि त्यांतून निवड करून गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. परंतु ते राज्याचे दप्तर. त्यात आपण दिसतो ते बहुधा कर भरताना, नाहीतर फिर्याद करताना. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव घरोघर हिंडून कागद गोळा केले, कित्येक वेळा वाण्याच्या पुड्यांपासून ते वाचविले, आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. शुक्रवार पेठेत दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने जो संग्रह उभा केला, त्यात तलवारींपेक्षा अडकित्ते, दिवे, पळ्या, करंडे, कुलुपे यांचा थाट मोठा आहे. लोक कसे जगले हे पाहावयाचे असेल तर त्या अडकित्त्यांपाशी थांबावे. या थोर पुरुषांनी जे शहरासाठी केले, ते आपण आपापल्या घरापुरते करू शकणार नाही काय?

म्हणून आम्ही मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली ही, की येत्या वर्षभरात ज्ञातीतील प्रत्येक वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषाजवळ तरुण सभासदांनी बसावे आणि त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. पानशेतच्या दिवसापासून आरंभ करावा, कारण त्या आठवणींस आता फार दिवस उरलेले नाहीत. विशेषतः आजीबाईंस विचारावे. पुरुषमंडळी बहुधा पाणी किती फूट चढले ते सांगतील. चूल पुन्हा केव्हा आणि कशी पेटली, हे आजीबाईच सांगतील.

दुसरी ही, की वाडे पाडून इमारती उभ्या राहात आहेत, त्या वेळी माळ्यावरच्या पेट्या आणि फडताळांतल्या चोपड्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. जुने जमाखर्च, लग्नाच्या याद्या, मृत्युपत्रे, भाड्याच्या पावत्या, शाळेचे दाखले, हे आपल्या वंशाचे खरे दप्तर आहे. मोडी वाचणारे लोक आता थोडे राहिले आहेत. परंतु मोडीचे वर्ग अद्याप चालतात, आणि दोन-चार तरुणांनी मनावर घेतले तर काम होण्यासारखे आहे. कागदांची छायाचित्रे मंडळाकडे ठेवावीत, म्हणजे मूळ कागद घरच्या घरी राहतील आणि त्यांतील मजकूर सर्वांचा होईल.

तिसरी सूचना सर्वांत अवघड. जे लिहावे ते खरे लिहावे. ज्ञातीचे इतिहास लिहिताना आपण सर्वच लोक एखाद्या ऋषीपासून वा राजापासून आरंभ करतो आणि दानशूर पुरुषांच्या तसबिरींवर समाप्त करतो. ते असू द्या. परंतु आपल्या घरच्या पहिल्या शिकलेल्या मुलीस शाळेत घालताना कोणी विरोध केला, विधवेस घरात कसे वागविले, आपल्या आडावर कोणास येऊ दिले नाही आणि पहिल्यांदा कोणी येऊ दिले, हेही त्यात असू द्या. पूर्वजांची बदनामी करावी म्हणून नव्हे. त्यांच्यात जे कोणी एकटे पडूनही दार उघडे ठेवणारे होते, त्यांचा मोठेपणा त्यावाचून कळणार नाही म्हणून. बाकीच्यांनी दारे लावली हे लपविले, तर त्या एकाने दार उघडले याची किंमत काय राहिली?

राहता राहिला तरुणांचा मूळ प्रश्न. काळाच्या गाडीतून आम्ही कोठे उतरू? आमचे उत्तर असे, की आम्हांस दरबारी उतरावयाचे नाही. आम्हांस त्या ओसाड कसब्यात उतरावयाचे आहे, जेथे कोणी अनाम कुटुंब पहिली चूल मांडीत आहे. आम्हांस बुधवारातल्या त्या रस्त्यावर उतरावयाचे आहे, आणि खिडकीतल्या माणसांचे चेहरे निरखून पाहावयाचे आहेत. त्यांत ओळखीचा चेहरा दिसला तर दुःख होईल. पण पाहिल्यावाचून राहवणार नाही. कारण आजच्या पुण्यातही रस्ते आहेत, खिडक्या आहेत, आणि कोणा ना कोणाच्या घागरीत पाणी पडत नाही. पन्नास-शंभर वर्षांनी आपली पतवंडे याच गाडीत बसून आपल्या काळात उतरतील, तेव्हा ती आपणांस कोठे उभे असलेले पाहतील, हे ठरविण्याचा अधिकार मात्र आज आपल्या हाती आहे. घडलेले बदलता येत नाही हा आपला पहिला नियम गतकालास लागू आहे. चालू काळास तो लागू नाही.

पंगतीची पाने मांडून झाल्याची खूण चिटणीस महाशय केव्हापासून करीत आहेत. तेथे बसताना प्रत्येक तरुणाने आपल्या शेजारी एका आजोबांस वा आजीस बसवून घ्यावे आणि पहिला घास घेण्यापूर्वी एवढेच विचारावे, "पुराच्या दिवशी तुम्ही कोठे होता?" तेवढे झाले तरी आजचे आमचे बोलणे सार्थकी लागेल.